दुसऱ्यांदा ठेवलेले हात

अभ्यासलेख
शास्त्रपाठ : मार्क 8:22-26, 1 राजे 19:1-18



मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात पाच वचनांची एक लहानशी गोष्ट आहे. मत्तय, लूक आणि योहान यांनी ती घेतलेली नाही. बेथसैदा येथे लोक एका आंधळ्या माणसाला प्रभू येशूकडे आणतात आणि त्याला स्पर्श करावा अशी विनंती करतात. प्रभू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो की तुला काही दिसते का? तो माणूस वर पाहून सांगतो की माणसे दिसतात, पण ती चालत्या झाडांसारखी दिसतात. मग प्रभू पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि त्याला सगळे स्वच्छ दिसू लागते. शेवटी प्रभू त्याला घरी पाठवतो, पण गावात जाऊ नको असे बजावतो.

हा भाग शिकवताना आपले पाळक सहसा त्याच्या मागचे-पुढचे संदर्भ दाखवतात, आणि ते योग्यच आहे. त्याच्या आधी शिष्यांना अजून समजत कसे नाही असे प्रभूने विचारले आहे, आणि लगेच पुढे पेत्र त्याला ख्रिस्त म्हणून ओळखतो. म्हणजे शिष्यांनाही त्या वेळी अर्धवटच दिसत होते. हा अर्थ मनात ठेवूनच आज मी हा शास्त्रभाग दुसऱ्या बाजूने वाचणार आहे. एखाद्या चांगल्या वैद्याने रोगी कसा हाताळला याची नोंद म्हणून तो पाहू या. आपल्या सेवाक्षेत्रातील पाड्यांवर मनाने मोडलेली जी माणसे आपल्याकडे येतात, त्यांच्याशी कसे वागावे याचे इतके नेमके शिक्षण मला दुसरीकडे फारसे सापडलेले नाही.

आघात म्हणजे काय

दुःख आणि आघात या दोन गोष्टी एक नाहीत. म्हातारे वडील आजारपणाने वारले तर ते दुःख आहे. डोळ्यांदेखत घर गाडले जाणे, मारहाण, बलात्कार, जिवावर बेतलेला अपघात, जमावाने केलेला हल्ला हे आघात आहेत. अशा प्रसंगी शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होते. छाती धडधडते, स्नायू आवळतात, भूक-झोप बाजूला पडते. धोका टळल्यावर हे सगळे हळूहळू उतरायला हवे. काही जणांचे उतरत नाही. प्रसंग केव्हाच संपलेला असतो, पण शरीराला ते कळलेले नसते. भांडे पडले तरी दचकायला होते, रात्री तोच प्रसंग पुन्हा दिसतो, त्या वाटेने जाववत नाही. मुले अंथरूण ओले करू लागतात, मोठी माणसे डोके आणि पोट धरून दवाखान्याच्या फेऱ्या मारतात. काहींना रडूही येत नाही. त्यांना आतून सगळे बधिर वाटते, आणि बाकीचे म्हणतात, 'बघा किती धीराची आहे!'

1980 साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या त्रासाला अधिकृत नाव दिले. त्याचे संक्षिप्त रूप पीटीएसडी म्हणून आता इकडेही ऐकू येते. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल त्यामागे होते. आपल्या पाड्यांवर हे नाव कोणी घेत नाही. तिथे बाई सांगते की छातीवर पाटा ठेवल्यासारखे वाटते, आणि ते पुरेसे नेमके आहे.

सर्वांनाच उपचार लागतात असे मात्र नाही. आघात सोसलेली बहुतेक माणसे आपल्या लोकांच्या आधाराने काही आठवड्यांत सावरतात. त्रास महिनाभरानंतरही तसाच राहिला, किंवा झोप, खाणे, शेतीकाम, मुलांकडे पाहणे जमेनासे झाले, तर मात्र डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. जीव देण्याची भाषा कोणी केली तर महिनाभर वाट पाहायची नाही. त्याच दिवशी न्यायचे आणि तोवर त्या व्यक्तीला एकटे सोडायचे नाही.

आधी गावाबाहेर

प्रभूने पहिली गोष्ट काय केली? त्याने हात धरला आणि त्या माणसाला गावाबाहेर नेले. त्याने प्रश्न विचारला नाही, उपदेश केला नाही, गर्दीसमोर काही करून दाखवले नाही. सातव्या अध्यायात बहिऱ्या-तोतऱ्या माणसालाही तो असाच गर्दीतून बाजूला घेतो.

आमच्याकडे आलेल्या एका बहिणीची हकिगत इथे सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पाड्यावर लागोपाठ एक मूल आणि दोन बैल दगावले. भगताने बोट दाखवले आणि या विधवेला डाकीण ठरवण्यात आले. रात्री तिला घराबाहेर ओढून मारले. दोन रात्री तिने रानात काढल्या, मग भाऊ तिला घेऊन आला. तिला मारणारे अनोळखी नव्हते. त्यांत तिच्या दिराचा मुलगा होता, ज्याला तिने लहानपणी अंगाखांद्यावर खेळवले होते. अशा माणसासाठी 'गावाबाहेर नेणे' हा अलंकार उरत नाही. गाव हीच जखमेची जागा असते. तिथे बसून तिचे मन सावरणार नाही. आधी सुरक्षित छप्पर हवे, आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार हवी. तक्रार हाही उपचाराचा भाग आहे. आपल्यावर अन्याय झाला हे कोणीतरी लिहून घेतले, याने माणसाला पाठीचा कणा परत मिळतो. पण तक्रार तिच्या संमतीने आणि तिला बोलता येईल तेव्हाच करायची.

जुडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1992 साली आघातावर एक मोठे पुस्तक लिहिले. ते काही मंडळ्यांसाठी लिहिलेले नाही. त्यांनी सावरण्याचे तीन टप्पे मांडले आहेत. आधी सुरक्षितता, मग घडलेले आठवून त्याचा शोक करणे, मग पुन्हा रोजच्या जगण्याशी आणि माणसांशी जोडले जाणे. दुसरा टप्पा पहिल्याच्या आधी ओढून आणला तर जखम पुन्हा फाटते. मंडळीत नेमके हेच होते. माणूस आला की सगळे भोवती बसतात आणि म्हणतात, 'सांग ताई, मोकळी हो, काय काय झाले ते सगळे सांग.' हेतू चांगलाच असतो. पण घटनेनंतर लगेच बसवून सगळे वदवून घेण्याची पद्धत वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही मार्गदर्शन आहे. त्याच संघटनेने वर्ल्ड व्हिजन आणि आणखी एका संस्थेबरोबर 2011 साली मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली. तिचे सूत्र तीन शब्दांचे आहे : पाहा, ऐका, जोडा. आधी गरज काय आहे ते पाहा, सांगेल तेवढे ऐका, आणि नातेवाईक, दवाखाना, रेशन, पोलीस यांच्याशी जोडून द्या. 'ऐका' म्हणजे 'विचारत राहा' असे नव्हे.

भाकर आणि झोप

आता 1 राजे 19 उघडा. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा संदेष्टा एलीया ईजबेल राणीची धमकी ऐकून जीव घेऊन पळतो. सेवकाला बैर-शेबात ठेवून एकटाच अरण्यात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवाचा मोठा माणूस मरण मागतो हे शास्त्राने लपवलेले नाही, याबद्दल मी देवाचे नेहमी आभार मानते. आपल्यापैकी काहींना अजून वाटते की निराश होणे हे पाप आहे.

देव त्याला काय देतो? त्याला झोप लागते. देवदूत स्पर्श करून उठवतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेले असते. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला रागावत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा स्पर्श करतो, पुन्हा खायला सांगतो, कारण वाट लांब आहे. इथेही स्पर्श दोनदा झाला आहे हे लक्षात घ्या. मग चाळीस दिवसांची चाल, मग गुहा, आणि त्यानंतर कुठे प्रश्न येतो की एलीया, तू इथे काय करतोस? म्हणजे आधी अन्न आणि झोप, मग चालणे, मग बोलणे. आमच्या बहिणीच्या पहिल्या तीन आठवड्यांत आम्ही फार काही केले नाही. खांद्याला मार होता, तो सरकारी रुग्णालयात दाखवला. रात्री खोलीत दिवा आणि सोबतीला एक वयस्क बाई ठेवली. दोन वेळा गरम जेवण दिले. सकाळी बागेला पाणी घालायचे काम तिने स्वतःच मागितले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की यात उपचार कुठे आहे!

आणखी एक. एलीयाला तो प्रश्न दोनदा विचारला जातो आणि तो दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणे जवळजवळ शब्दाला शब्द तसेच सांगतो. मधे वादळ, भूकंप, अग्नी आणि मंद वाणी होऊन गेली तरी उत्तर बदलत नाही. आघात झालेली माणसे अशीच बोलतात. तीच गोष्ट, त्याच ठिकाणी थांबत, दहा वेळा सांगतात. ऐकणारा कंटाळतो आणि म्हणतो, 'झाले ते झाले, आता विसर.' देव तसे म्हणाला नाही. दुसऱ्यांदाही त्याने ऐकून घेतले, आणि मग त्याला परतीची वाट, करण्याजोगी कामे आणि अलीशासारखा सोबती दिला. तू एकटा उरलेला नाहीस, सात हजार आहेत, हेही त्याने अगदी शेवटी सांगितले. हे सत्य होतेच, पण भुकेल्या, झोप न झालेल्या एलीयाला ते झुडपाखाली सांगितले असते तर त्याला ते पचले असते का?

काही दिसते का?

पुन्हा बेथसैदाकडे. प्रभूने हात ठेवल्यावर विचारले, काही दिसते का? सर्वज्ञ प्रभू रोग्याला विचारतो आणि त्याच्या उत्तरावर पुढचे पाऊल ठरवतो. आणि तो माणूस खरे सांगतो. आपल्या प्रार्थनासभेत असता तर तो बहुधा 'दिसले, सगळे दिसले!' असेच म्हणाला असता, कारण सगळे तेच ऐकायला थांबलेले असतात. अर्धे बरे वाटतेय असे म्हणायची सोय आपण ठेवतच नाही. मग तो माणूस पुढच्या रविवारपासून येणे बंद करतो.

उपचार मोजून करायचा असतो, म्हणजे दोन गोष्टी. मात्रा मोजायची, आणि गुण किती आला तेही मोजायचे. आमची पद्धत साधी आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवड्यातून एकदा चार गोष्टींच्या खुणा करतो. मावशी, या सात रात्रींपैकी किती रात्री झोप लागली? किती दिवस पोटभर जेवलात? पाण्याला एकट्या गेलात का? कोणाशी दोन गोष्टी बोललात का? लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही ठिपके मोजता येतात, आणि स्वतःची वाटचाल स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. या बहिणीचे पहिल्या आठवड्यात झोपेचे दोन ठिपके होते. दोन महिन्यांनी पाच झाले. मग आठवडी बाजारात तिला मारणाऱ्यांपैकी एक जण दिसला, आणि त्या आठवड्यात ठिपका एकच. एका विश्वासू भावाने विचारले, 'आपली प्रार्थना कमी पडली का?' तसे नाही. बाजाराचा पल्ला तिच्यासाठी त्या दिवशी लांब होता, एवढेच त्या ठिपक्याने सांगितले. पुढच्या वेळी कोणीतरी बरोबर गेले, आणि अर्ध्या तासात परत आले. त्यानंतर एक तास.

घडलेल्या प्रसंगाबद्दल बोलण्यालाही मात्रा असते. ती आपणहून बोलू लागली तेव्हा तिची बोली जाणणारी एकच बाई समोर बसत असे. प्रमाण मराठीत तिला हकिगत सांगता येत नव्हती, आणि दुभाषा पुरुष असता तर ती गप्पच राहिली असती. बोलता बोलता श्वास वर चढला की थांबायचे, पाय जमिनीवर टेकवायचे, पाणी प्यायचे, आज इथपर्यंत पुरे म्हणायचे. जेवढे पेलते तेवढेच.

गोळी आणि प्रार्थना

मंडळीतून मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे : औषध घेतले तर विश्वास कमी पडला असे होते का? प्रभूने थुंकी लावली. त्या काळी लोक थुंकीला औषधी मानत. त्याला नुसत्या शब्दाने बरे करता येत होते, तरी त्याने त्या माणसाच्या ओळखीचा उपाय हातात घेतला. याहून जास्त वाद मी घालत नाही.

औषधही मोजूनच हवे. झोप येत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून झोपेच्या गोळ्या आणणे धोक्याचे आहे. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्रास कमी करण्यासाठी तशा गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शनात म्हटले आहे, आणि त्यांची सवयही लागते. उलट, मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या बरे वाटू लागले म्हणून मधेच बंद करणेही तितकेच वाईट. प्रार्थनासभेतून आल्यावर गोळ्या फेकल्या, अशा साक्षीवर टाळ्या वाजतात तेव्हा मला भीती वाटते. उपचाराची जागा फक्त श्रद्धेला दिली की काय होते, हे 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे सगळ्या देशाने पाहिले. एका धर्मस्थळाजवळच्या आश्रमात मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. आग लागली तेव्हा त्यांना पळता आले नाही आणि 28 जण गेले. ते दुसऱ्या धर्माचे स्थान होते म्हणून आपण सुटलो असे समजू नका. माणसाला बांधून त्याच्यातून दुरात्मा काढणारे आपल्यातही आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे.

तज्ज्ञ लांब असतात हे खरे. म्हणून 14416 हा क्रमांक प्रत्येक पाळकाच्या बायबलमध्ये लिहिलेला असावा. सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, दिवसरात्र आणि अनेक भारतीय भाषांत. आणि सगळे काही डॉक्टरांनीच करावे लागते असेही नाही. गोव्यात संगथ या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत दिली. त्याचा चांगला गुण आल्याचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या महिला मंडळातील दोन-तीन बहिणींना असे शिक्षण मिळाले तर काय होईल, याचा विचार करा. मात्र शिक्षणाशिवाय नको, आणि देखरेखीशिवाय तर नकोच.

रडण्याला जागा

19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी ही ठाकर बांधवांची वाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह मिळाले. 57 जण सापडलेच नाहीत आणि काही दिवसांनी शोध थांबवावा लागला. आश्रमशाळेत राहायला असलेली मुले वाचली, पण त्यांतल्या काहींचे आईबाप राहिले नाहीत. घर, कपडे, धान्य यांची मदत लवकर पोहोचते. पण ज्याच्या आईचा देहच मिळाला नाही, त्या मुलाने निरोप कोणाला द्यायचा? अशा वेळी 'देवाची इच्छा' हे शब्द तोंडातून काढू नका. स्तोत्रसंहितेतील 88 वे स्तोत्र काढून वाचा. त्याचा शेवट अंधारातच होतो, वर चढत नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. बसून रडायला, मेलेल्याचे नाव घ्यायला, त्याच्या समाजाच्या रीतीप्रमाणे शोक करायला त्या मुलाला जागा आणि माणसे हवीत. आदिवासी समाजात शोक एकट्याने करायचा नसतो, सगळा पाडा बसतो. या बाबतीत शिकण्यासारखे काही असेल तर ते आपल्या शहरी मंडळ्यांनी त्यांच्याकडून शिकावे.

गावात जाऊ नको

शेवटच्या वचनाकडे येते, कारण ते आपल्या सर्व देणगीदार बंधुभगिनींशी संबंधित आहे. बरे झालेल्या माणसाला प्रभू घरी पाठवतो, गावात नाही. जिथे लोकांनी त्याला पाहायला गर्दी केली असती, तिथे जाण्यापासून त्याला वाचवतो. आपल्याकडे उलटे आहे. बहीण जरा उभी राहिली की तिला व्यासपीठावर बोलावणे येते. तिचा फोटो मागितला जातो, तिची साक्ष वार्षिक अहवालाला हवी असते. ज्या बाईला एकदा सगळ्या पाड्यासमोर उभे केले गेले होते, तिला पुन्हा लोकांसमोर उभे करायचे का? माझे मत स्पष्ट आहे. उपचार चालू असताना साक्ष नाही, फोटो नाही. नंतर तिला स्वतःला बोलावेसे वाटले तर बोलेल, आणि नको म्हणाली तर तोही तिचा अधिकार आहे. आपण दिलेल्या मदतीचा हिशेब तुम्हाला द्यायला आम्ही बांधलेले आहोत, पण तो हिशेब तिच्या चेहऱ्याने द्यायचा नाही.

चांगल्या शोमरोन्याने काय केले आठवा. तेल-द्राक्षारस ओतला, जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले. सकाळी दोन दिनार उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती देऊन तो आपल्या कामाला गेला, आणि परत येताना जास्तीचा खर्च देईन म्हणाला. त्याने सगळे स्वतःवर घेतले नाही, आणि अर्ध्यावर सोडलेही नाही. आपल्या क्षेत्रातील सेवक-सेविकांना हे फार लागू आहे. रोज अशा हकिगती ऐकणाऱ्याची झोपही उडते. त्यांनाही सुटी, सोबत आणि बोलायला माणूस लागतो.

या तिमाहीत तीन बहिणी आणि एक तरुण भाऊ जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात उपचार घेत आहेत. महिन्यातून एकदा जावे लागते, बरोबर एक माणूस लागतो, आणि त्या दिवसाची मजुरी दोघांचीही बुडते. ज्या मंडळ्यांना मदत करायची आहे त्यांनी या प्रवासाचा आणि मजुरीचा भार एक वर्षासाठी उचलावा. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला थोडी दिली तर अधिक सोयीचे होईल. नावे विचारू नका, नावांशिवाय प्रार्थना करा. वर सांगितलेल्या बहिणीच्या कॅलेंडरवर मागच्या आठवड्यात झोपेचे पाच ठिपके होते. पाण्याला ती अजून एकटी जात नाही.